तीनदा गेले, घर बंद

२ डिसेंबर २०२४

ही वही ट्रेनिंगमध्ये मिळाली. आत 'नोट्स' असं छापलंय. पण नोट्स मी फॉर्मच्या मागेच लिहिते, म्हणून ही माझ्यासाठी ठेवून घेतली.

आजपासून मी सर्वेक्षक. पालघर स्टेशन, कोळगाव, बोईसर, तारापूरची एमआयडीसी आणि शेवटी नवापूर, अशी रस्त्याच्या कडेनं धावणारी दोन डब्यांची विजेची गाडी करावी का, हे घरोघर जाऊन विचारायचं. कागदावर तिला लाइट रेल म्हणतात. माझ्यासोबतची स्वाती छोटी रेल म्हणते. लोकांना तेच पटकन कळतं.

दर्पण सर आमचे सुपरवायझर. त्यांनी विचारलं, गाडी व्हावी असं कोणाला वाटतं? मी एकटीनंच हात वर केला. का, म्हणाले. मी सांगितलं की माझा भाऊ अंकुश दोन वर्षांपूर्वी दुपारच्या पाळीला जाताना टमटमच्या मागून पडला. आत अकरा माणसं होती, तो फळीवर उभा होता. छोटी रेल असती तर तो आत उभा राहिला असता. सरांनी यादीत माझ्या नावापुढे खूण केली. मग म्हणाले, पाड्यांकडची बाजू तू घे, लोक तुझ्याशी बोलतील.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता तू रेल आननार?" आणि हसली. अंकुश गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

५ डिसेंबर

एमआयडीसीजवळच्या खोल्या केल्या. एका खोलीत सहा जण, तिघे झोपलेले, तिघे पाळीवर. त्यातला एक म्हणाला, "मैडम, आपकी ट्रेन आने तक हम रिटायर हो जाएँगे." बाकीचे झोपेतच हसले.

कॉलनीत नरहरी काका भेटले. लातूरकडचे, वीज केंद्रात नोकरीला. त्यांनी मला चहा दिला आणि तासभर वाद घातला. त्यांचं म्हणणं, गाडी नको, बस वाढवा. मी ट्रेनिंगमधलं सगळं सांगितलं. एका फेरीत किती माणसं जातात, धूर नाही, रस्ता मोकळा. ते म्हणाले, "पोरी, रूळ एकदा टाकला की माणसाला रुळाकडं यावं लागतं. बस वळते. माणूस जिथं आहे तिथं जाते."

मी फॉर्ममध्ये 'विरोध' असं लिहिलं. त्यांचं वाक्य लिहायला तिथे जागा नव्हती.

८ डिसेंबर

नवापूरला कोळणींनी मला घेरलंच. एकच प्रश्न, मासळीची पाटी घेऊन चढू देणार का? मी म्हटलं, विचारून सांगते. एक म्हणाली, "तू सायबाला इचार, त्याच्या डब्यात पापलेट चालतो तर पाटी का नाय चालत?"

संध्याकाळी सरांना हे सांगितलं, ते खूप हसले. मग त्यांनी पाड्यांविषयी विचारलं. कुठल्या पाड्यावरचे लोक वीटभट्टीवर जातात, कधी जातात, किती घरं मागे राहतात. मला बरं वाटलं. असं कोणी विचारत नाही. मी एका कागदावर वर्षाचे महिने आखून दिले. दिवाळी झाली की भिवंडीकडे भट्टीवर, शिमग्याला चार दिवस घरी, मग पुन्हा भट्टी, आणि मेच्या शेवटी शेतीसाठी परत. जाताना भांडीकुंडी पोत्यात भरतात आणि दाराला कुलूप घालतात. शिमग्याच्या चार दिवसांत गेलं तर सगळी माणसं एकदम भेटतील, असंही सुचवलं. सरांनी कागद नीट घडी करून बॅगेत ठेवला.

११ डिसेंबर

आमच्या बोंडारपाड्याचं सर्वेक्षण आधी मार्चमध्ये होतं, ते सरांनी आताच घ्यायला सांगितलं. बरं झालं. घराजवळ काम, आणि दुपारी जेवायला घरी.

पाड्यावर सदतीस घरं. चौदा उघडी, तेवीस बंद. बंद घरांपैकी एक भागी वहिनीचं, अंकुशच्या बायकोचं.

फॉर्म दोन पानांचा आहे. पहिलं पान प्रवासाचं, त्याला अर्धा तास लागतो. दुसरं पान दोन मिनिटांचं, घरात आज कोण राहतं एवढंच. नियम कडक आहे. दारात माणूस दिसला तरच फॉर्म भरायचा, ऐकीव माहिती चालणार नाही. घर बंद असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं, वेळ लिहायची, फोटो काढायचा आणि फोटोत कुलूप दिसलं पाहिजे. मग शेरा: 'तीनदा गेले, घर बंद.'

मी सरांना फोन करून विचारलं, माझी वहिनी कुठे आहे ते मला माहीत आहे, मग काय लिहू? ते म्हणाले, नातेवाइकाच्या बाबतीत तर जास्तच काटेकोर राहायला हवं. बरोबर आहे. मी माझ्या घरच्यांसाठी नियम वाकवला तर मग इतरांना काय तोंडानं सांगणार?

१६ डिसेंबर

वहिनीच्या घरी आज तिसरी फेरी. घर म्हणजे आमच्या अंगणापलीकडचं. अंकुशनं लग्नानंतर वेगळं बांधलं होतं. कारवीचा कूड त्यानं स्वतः लिंपला, वर निळे पत्रे घातले. जागा गुरचरणाची, सगळ्या पाड्याचीच तशी, सातबारा कोणाच्याच नावावर नाही. तो गेल्यावर वहिनी माहेरी जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. गेली नाही. म्हणाली, घर हाय ना.

कुलूप नीट दिसेल असा फोटो काढला. आई शेळ्या सोडत होती. म्हणाली, "भागी कुठं हाय ते तुला ठावं नाय का?"

मी म्हटलं, मला माहीत आहे, पण कागदाला माहीत नाही.

आई म्हणाली, "मंग कागदाला सांग की." मी तिला नियम समजावला. तिनं ऐकून घेतलं आणि शेळ्या घेऊन गेली.

२ जानेवारी २०२५

काल रात्री नीट झोप आली नाही, कारण मी स्वातीशी भांडले. पलीकडच्या पाड्यावर एक सोडून सगळी घरं बंद होती, तर तिनं एका म्हातारीच्या ओट्यावर बसून सगळ्यांचे फॉर्म भरले. म्हातारी नावं सांगत गेली, ही लिहीत गेली. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. ती म्हणाली, "माणसं हायेत ना? मी काय भुतांची नावं लिवली?" तिचं चुकलं असंच मला वाटतं. पण मी सरांना सांगितलं नाही.

सरांनी आज सगळ्यांसमोर माझी फाइल उंच धरून दाखवली. बंद घरांची अशी नोंद असावी, म्हणाले. तेवीस घरं, एकोणसत्तर फेऱ्या, एकही खाडाखोड नाही.

अंकुशला हे सांगता आलं असतं तर. माझा कॉलेजचा पहिला फॉर्म त्यानंच भरून घेतला होता, सायबर कॅफेत माझ्या शेजारी उभा राहून. त्याला वाचता येत नव्हतं. तरी प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारत होता, हितं काय लिवलं?

१४ मार्च

शिमगा. सगळे आले. पाडा एकदम भरला. वहिनी काळी पडली आहे, हाताला विटांचे घट्टे. पण काल होळीभोवती नाचताना तिचा आवाज सगळ्यांत वर होता.

आज सकाळी ती आमच्या दारात उभी राहून चौकटीवरचा निळा आकडा बघत होती. उघड्या घरांना आम्ही आकडे टाकले होते. म्हणाली, "तुमच्या दाराव नंबर हाय, माज्या का नाय?"

मी सांगितलं, तू नव्हतीस म्हणून. काही नाही, कोण कुठे जातं त्याची माहिती होती.

"मी भट्टीवर जाते. ती माहिती नाय का?"

"त्याचा रकाना नाही," मी म्हटलं. ती हसली, म्हणाली, एवढं शिकून तुला एक रकाना आखता येत नाय. मग आम्ही दोघींनी मिळून भाकऱ्या केल्या.

१९ जून

नकाशा लागला. रात्री गाड्या उभ्या करायला आणि दुरुस्तीला जागा लागते, त्याला डेपो म्हणतात. तो बोंडारपाड्यावर आहे.

मी नकाशासमोर किती वेळ उभी होते कळलं नाही. त्या चौकोनात आमचा पाडा आहे हे आधी लक्षातच आलं नाही, कारण पाड्याचं नावच नव्हतं. खाली तक्ता होता. 'राहती कुटुंबे: चौदा. रिकामी बांधकामे: तेवीस.' चौदा कुटुंबांना दुसरीकडे घर मिळेल. रिकाम्या बांधकामांना काही नाही. आधार म्हणून लिहिलं होतं, डिसेंबरमधील प्रत्यक्ष सर्वेक्षण.

दुसरं पान. दोन मिनिटांचं.

स्वातीनं भरलेला तो पलीकडचा पाडा आमच्याइतकाच मोठा आणि रस्त्याला आमच्यापेक्षा जवळ. तिथे डेपो नाही. तिथे सगळी घरं राहती आहेत.

सरांना फोन केला. ते म्हणाले, जागेचा निर्णय वरचे लोक घेतात, त्यांनाही आजच कळलं. त्यांचा आवाज थकलेला होता. त्यांनाही वाईट वाटलं असणार.

२१ जून

वहिनीला सांगितलं. ती पेरणीचं बी काढत होती. म्हणाली, "पन मी हितं बसलेय ना. ते बघायला येतील तवा दिसेनच की."

८ ऑगस्ट

कोळगावला जिल्हा कार्यालयात सुनावणी. मोठा हॉल, खुर्च्या कमी पडल्या.

खरं सांगायचं तर पहिला तासभर मला आनंदच होत होता. एमआयडीसीतल्या एका बाईनं सांगितलं की पाळी सुटल्यावर टमटममध्ये पुरुषांच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं. एका पोरानं स्टेशनवर पोहोचायला रोज किती वेळ जातो ते सांगितलं. नरहरी काका बसविषयी बोलले, त्यांनाही टाळ्या पडल्या, पण छोट्या रेलला जास्त. एवढी माणसं आपल्या गावासाठी काहीतरी चांगलं मागतायत आणि त्यात माझा हात आहे, असं वाटलं.

मग बोंडारपाड्याचा तक्ता वाचला. वहिनी उठली.

अधिकाऱ्यांनी रेशनकार्ड विचारलं. ते अजून आईच्या नावानं, एकत्रच. घराचा कागद विचारला. नाही. ते वाईट माणूस नव्हते, शांतपणे सांगत होते. सर्वेक्षणाच्या दिवशी राहणारं कुटुंब, एवढंच त्यांना धरता येतं. आणि सर्वेक्षण बाहेरच्या कोणी केलेलं नाही, तुमच्याच पाड्यावरच्या शिकलेल्या मुलीनं केलंय, तिची सही आहे.

सगळे मागे वळून बघायला लागले. मला खाली बघावंसं वाटलं, पण मी बघितलं नाही.

वहिनी म्हणाली, "तिनं खरंच लिवलं. कुलूप होतंच."

ती पुढे बोलली, "रेल नको असं मी म्हनत नाय. माजा नवरा टमटमवरून पडून मेला. रेल येऊ द्या. पन आमी हाव, तेवढं लिवा."

अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

येताना टमटममध्ये ती माझ्या शेजारीच बसली. ती एकदा जरी मला रागावून बोलली असती तरी मला बरं वाटलं असतं.

११ ऑगस्ट

दर्पण सरांनी वाट दाखवली. सर्वेक्षण खरं असेल तर ते बदलता येत नाही. पण सर्वेक्षकानंच लिहून दिलं की काम नीट झालं नाही, तर नोंद रद्द होते आणि नवीन सर्वेक्षणाची मागणी करता येते. नोकरी जाईल, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. असं सांगणारी माणसं कमी असतात.

म्हणजे मी खोटं केलं असं लिहायचं. मी एकोणसत्तर फेऱ्या मारल्या. कधी आईचा ताप सोडून गेले. माझ्याकडे पदवी आणि ही फाइल सोडून दुसरं काय आहे?

पण ते घर अंकुशचं आहे.

स्वाती म्हणाली, "सही करू नको. माज्या फॉर्मचं कोणी इचारलं का? ज्याला त्रास नाय त्याची सही कोन बघत नाय. तुजी बघतायत, म्हंजे कायतरी हाय." तिला सगळीकडे काळंबेरंच दिसतं.

१३ ऑगस्ट

लिहून दिलं.

मी पानभर लिहिलं होतं. पहिलं वाक्य, 'बोंडारपाड्यावरील तेवीस बंद घरांना मी भेट दिली नाही.' सर म्हणाले, हे लांबलचक होतंय, वरच्यांना दोन ओळींपेक्षा जास्त वाचायला वेळ नसतो. त्यांनी स्वतः टाइप करून दिलं. 'बोंडारपाडा येथील सर्वेक्षण मी घरी बसून भरले असून त्यातील माहिती खोटी आहे.' मी सही केली.

संध्याकाळी पाड्यावर सगळ्यांना जमवून सांगितलं, सर्वेक्षण पुन्हा होणार. कोण कुठे जातं ते विचारतील, तेव्हा घरी राहा. मारुती आबांनी विचारलं, कधी? मी म्हटलं, दिवाळीच्या आसपास. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मलाच तसं वाटलं.

वहिनीनं माझ्यासाठी चवळीची भाजी आणली. म्हणाली, नोकरी गेली म्हंजे आता घरी जेवशील तरी.

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली. भट्टीचा मुकादम टेम्पो घेऊन आला होता. कोणी गेलं नाही. तेवीसच्या तेवीस घरं उघडी आहेत, आमच्या चौदा धरून सगळा पाडा भरलेला. दिवाळीनंतर आमचा पाडा असा भरलेला मी जन्मात पाहिला नाही. बाया अंगण सारवतात. कोणीतरी येणार म्हणून.

कामधंदा मात्र कोणाला नाही. शेजारच्या वाडीत चार दिवस भात झोडणी मिळाली, ती संपली.

सरांचा फोन लागत नाही. नवीन शहरात कामाला लागले असतील.

१२ नोव्हेंबर

पत्र आलं. माझ्या नावानं, कारण सही माझी.

सर्वेक्षकाने स्वतः कबुली दिल्यामुळे बोंडारपाडा येथील सर्व नोंदी रद्द करण्यात येत आहेत. नोंदणीची मुदत संपल्यामुळे नव्याने सर्वेक्षण होणार नाही.

सर्व. मी तो शब्द परत परत वाचला. तेवीस नाही, सदतीस. मारुती आबा, आई, ज्यांच्या चौकटीवर निळा आकडा आहे ती सगळी चौदा घरं. ती माझ्या फॉर्ममुळे होती आणि माझ्या सहीमुळे नाहीत.

सरांना असं होईल हे माहीत नसणार. माहीत असतं तर त्यांनी तेवीस हा शब्द काढला नसता.

काढलाच का?

१४ नोव्हेंबर

सांगितलं नाही. वहिनीनं विचारलं, काय कळलं का? मी म्हटलं, अजून नाही. आयुष्यातलं हे माझं दुसरं खोटं, आणि हे पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

१६ नोव्हेंबर

मुकादम सांगून गेला की उद्या शेवटचा टेम्पो, मग तो दुसऱ्या पाड्यावरून माणसं उचलणार. आता गप्प बसले तर यांचं घरही जाईल आणि हंगामही. म्हणून आज सांगितलं. आधी आईला, मग वहिनीला, मग सगळ्यांना मारुती आबांच्या ओट्यावर.

मारुती आबांनी स्वतःच्या चौकटीवरचा आकडा बोटानं पुसून पाहिला. ऑइलपेंट आहे, पुसत नाही.

एक बाई म्हणाली, आमी तुज्या सांगन्याव बसलो. बरोबर बोलली. मी पत्र वाचून दाखवलं. परत वाच, म्हणाले. परत वाचलं.

सगळे उठून गेल्यावर वहिनी माझ्याजवळ बसली. "मंग तू खोटं लिवलं ते कामाला नाय आलं."

"नाही."

"आनि खरं लिवलं होतं तेबी नाय."

ती हे रागानं बोलली नाही. शोधून काढल्यासारखं बोलली. मला रडू आलं तेव्हा तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

१७ नोव्हेंबर

सकाळी टेम्पो आला. पोती भरली, भांडी बांधली. अर्ध्या तासात पाडा निघायला तयार झाला, इतकी सवय.

वहिनी शेवटी निघाली. दार ओढून घेतलं, कुलूप हातात घेतलं आणि थांबली. मग तिनं मला हाक मारली.

"तेजल, लावू का नको, तेवढं सांग."

टेम्पोकडे जाणारे सगळे थांबले. डोक्यावर ओझी घेऊन उभे राहिले. प्रत्येकाच्या मनात तेच होतं हे मला तेव्हा कळलं. मी या पाड्यावरची एकटी पदवीधर. या एका प्रश्नाचं उत्तर मला यायला हवं होतं. लावलं तर बंद घर. नाही लावलं तर सहा महिने उघडं.

मला सांगता आलं नाही.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग कुलूप पोत्यात टाकलं, कडीला सुतळीचा एक वेढा दिला आणि टेम्पोत चढली. काही जण मागे वळले, आपापल्या दारावरचं कुलूप काढून आले. तेवीस घरं, एकालाही कुलूप नाही.

टेम्पो कालव्यापर्यंत दिसला.

संध्याकाळी वारा सुटला. वहिनीच्या दाराची सुतळी सुटली आणि दार उघडलं. मी अंगण ओलांडून गेले, ओढून घेतलं, गाठ मारली. घरी येईपर्यंत परत उघडलं. आई म्हणाली, राहू दे.

तसंच ठेवलं.